बी.एस्सी.चं दुसरं सेमिस्टर, रसायनशास्त्र आणि प्रॅक्टिकल: ब्युरेट कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

निकाल आधीच सांगून टाकतो. नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला रसायनशास्त्र घ्यावं का? घ्यावं, पण प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात स्वतःची ब्युरेट (थेंबाथेंबानं द्रावण सोडून मोजायची काचेची नळी) येत असेल तरच. स्वतःची ब्युरेट, स्वतःचं रीडिंग आणि चुकलं तर पुन्हा करायला वेळ, एवढं मिळत असेल तर या कोर्सला आमच्याकडून पाचपैकी साडेचार. चौघांत एक ब्युरेट, एक जण थेंब सोडतोय, दुसरा आकडा लिहितोय आणि उरलेले दोघं जर्नल उतरवताहेत, अशी बॅच असेल तर दोन. थिअरी दोन्हीकडे तीच, पुस्तकंही तीच. फरक पडतो तो लॅबमध्ये.

हे दुसऱ्या सेमिस्टरलाच इतकं लागू का, तर अभ्यासक्रमच तसा आहे. पहिल्या सेमिस्टरला अणूची रचना, बंध, आवर्ती गुणधर्म हा भाग वाचून, आकृत्या काढून भागतो. दुसऱ्यात अभिक्रिया किती वेगानं होते, कुठे येऊन थांबते, किती उष्णता देते, द्रावणाचा पीएच कसा हलतो, हे प्रश्न येतात. कायनेटिक्स, इक्विलिब्रियम, आम्ल आणि आम्लारी, बफर, सोल्युबिलिटी प्रॉडक्ट, थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री. कॉलेजागणिक यातलं एखादं प्रकरण मागेपुढे होतं, गाभा हाच. यातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण टेबलावर डोळ्यांनी दिसतं. ते न बघता नुसतं पाठ केलं की मार्कांपुरतं टिकतं आणि तिसऱ्या सेमिस्टरला पुन्हा पाटी कोरी.

लॅब कशी आहे हे एका प्रयोगावरून ओळखता येतं: ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडून त्याचं प्रमाण काढणं. नागपूरकरांना मँगनीज तसं परकं नाही. मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय याच शहरात आहे आणि मनसरच्या खाणी रामटेकच्या वाटेवर. तरी त्याच मँगनीजचं हे जांभळं द्रावण पहिल्या वर्षाच्या मुलांना सगळ्यात जास्त चकवतं.

आधी द्रावण. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं ०.१ नॉर्मल द्रावण (नॉर्मल म्हणजे लिटरला एक समतुल्यभार, हे तीव्रतेचं माप) २५० मिली करायचं तर स्फटिकं १.५७६ ग्रॅम लागतात, कारण बाटलीतल्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू असतात आणि समतुल्यभार ६३.०३ धरावा लागतो. निर्जल समजून ४५ धरला तर द्रावण सुमारे २९ टक्के कमजोर होतं. पुढची सगळी रीडिंग एकमेकांशी छान जुळतात आणि उत्तर मात्र चुकतं. परमँगनेट ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ३.१६ ग्रॅम. ते थेट वजन करून प्रमाणित मानता येत नाही. पाण्यातल्या सेंद्रिय अंशाशी त्याची थोडी अभिक्रिया होतेच, म्हणून एक-दोन दिवस ठेवून काचेच्या लोकरीतून गाळायचं आणि मग ऑक्झॅलिकशी प्रमाणित करायचं. गाळणकागद वापरायचा नाही, कागदाशीही ते अभिक्रिया करतं.

आता टायट्रेशन. पिपेटनं १० मिली ऑक्झॅलिक कॉनिकल फ्लास्कमध्ये, त्यात तेवढंच २ नॉर्मल विरल सल्फ्युरिक. फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचा. उकळी आणायची नाही, कारण उकळीला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं विघटन सुरू होतं आणि रीडिंग कमी येतं. गरम असतानाच थेंब सोडायला सुरुवात.

खरा प्रकार इथे घडतो. पहिला थेंब पडतो आणि रंग जात नाही. फ्लास्क गुलाबी तो गुलाबीच. घाईतला विद्यार्थी समजतो एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आली, किंवा वैतागून तोटी मोकळी सोडतो आणि सगळं तपकिरी करून ठेवतो. अशा वेळी हात थांबवून फ्लास्क नुसता फिरवत राहायचं. थोड्या वेळात गुलाबी रंग आपोआप विरतो. दुसरा थेंब त्याहून लवकर विरतो, आणि पाच-सहा थेंबांनंतर पडल्या पडल्या रंग नाहीसा व्हायला लागतो. कारण या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज (दोन) आयनच तिचे उत्प्रेरक आहेत. सुरुवातीला ते नसतात म्हणून अभिक्रिया रेंगाळते. तयार झाले की वेग घेते. कायनेटिक्सच्या प्रकरणात 'ऑटोकॅटॅलिसिस' म्हणून जे दोन ओळींत येतं ते हेच. चांगले सर किंवा मॅडम दुसऱ्या फ्लास्कमध्ये चिमूटभर मँगनीज सल्फेट टाकून दाखवतात. तिथे पहिला थेंबही पटकन विरतो. ही दोन मिनिटं ज्या लॅबमध्ये दिली जातात, ती लॅब चांगली समजावी.

तपकिरी झालं तर ते मँगनीज डायऑक्साइड आहे. आम्ल कमी पडलं, द्रावण थंड झालं किंवा थेंब फार भराभर पडले, यांपैकी काहीतरी झालं. तो फ्लास्क ओतून द्यायचा आणि नवीन घ्यायचा, त्यात वरून आम्ल घालून सारवासारव करायची नाही. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक का चालत नाही? परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करतं, त्यामुळे जास्त खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे, त्यानं रीडिंग घटतं. हा प्रश्न व्हायवात हमखास विचारतात आणि दोन्ही दिशा सांगणारी मुलं थोडीच असतात.

एंड पॉइंट म्हणजे अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा. नंतर ती गेली तरी चालेल. गडद गुलाबी आला म्हणजे थेंब-दोन थेंब पुढे गेलो. आणि परमँगनेटच्या ब्युरेटमध्ये खालची वक्ररेषा दिसतच नाही, म्हणून वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही. एकदा वरची, एकदा खालची, असं झालं की फरकात चूक शिरते. ब्युरेटची तोटी काचेची किंवा टेफ्लॉनची हवी, रबराची नळी परमँगनेट खातं.

पुढचा प्रयोग मोहर सॉल्टचा (फेरस अमोनियम सल्फेटचा) असेल तर गरम करायचं नाही, हे पहिल्या प्रयोगाच्या सवयीनं अर्धी बॅच विसरते. फेरस आयन गरम झाल्यावर हवेतल्या ऑक्सिजननंच फेरिक होतो. २५० मिली ०.१ नॉर्मलसाठी मोहर सॉल्ट ९.८० ग्रॅम, आणि पाणी भरण्याआधी त्यात विरल सल्फ्युरिक. आम्ल नसेल तर द्रावण पिवळट, गढूळ होतं.

आता रीडिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात मोठी गळती इथेच आहे. ब्युरेट ज्या द्रावणानं भरायची त्याच द्रावणानं आधी विसळायची, पिपेटही तसंच. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानं. तो ऑक्झॅलिकनं विसळला की मोजलेल्या १० मिलीत न मोजलेल्याची भर पडते. नळीच्या टोकातला बुडबुडा आधी काढायचा, नाहीतर मध्येच तो सुटतो आणि अर्धा मिली हवेचा हिशोब लागतो. फनेल वरून काढून ठेवायचं. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब फुंकायचा नाही, टोक फ्लास्कच्या काचेला टेकवून जेवढं उतरतं तेवढंच. पिपेट तोंडानं ओढायची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती बंद झाली पाहिजे, रबरी बल्ब फार महाग नसतो.

५० मिलीच्या ब्युरेटची बारीक रेघ ०.१ मिलीची. 'अ' वर्गाच्या ब्युरेटला ±०.०५ मिलीची मुभा असते, 'ब' वर्गाच्या ±०.१. त्यामुळे ९.९, १०.०, १०.० अशी तीन रीडिंग आली तर ती चांगलीच आहेत. जर्नलमध्ये मात्र सर्रास १०.०, १०.०, १०.० लिहिलेलं असतं, कारण सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) म्हणजे तिन्ही आकडे तंतोतंत सारखे, असा समज करून दिला जातो. सीबीआरचा अर्थ एवढाच की दोन-तीन रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळली. ती जुळत नसतील तर चौथं घ्यायचं. आकडा आधी ठरवून टायट्रेशन करायला शिकवणारी लॅब मुलांचं नुकसान करते, आणि परीक्षेत अनोळखी द्रावण समोर आलं की ते नुकसान उघडं पडतं.

नागपूरचा उन्हाळा या कोर्सचा न छापलेला भाग आहे. सम सेमिस्टर थंडीत सुरू होतं आणि उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे पारा चाळिशी ओलांडताना, प्रॅक्टिकल येतं. पुस्तकातले आकडे २५ अंशांचे. काचेच्या भांड्यावर २० किंवा २७ अंश छापलेलं असतं, ते एकदा नीट वाचा. २७ अंशांना लिटरभर केलेलं द्रावण ४० अंशांना सुमारे १००४ मिली होतं. २५ मिलीच्या टायट्रेशनमध्ये हा फरक ०.१ मिली, म्हणजे ब्युरेटची एक अख्खी रेघ. उपाय सोपा आहे: फेब्रुवारीत प्रमाणित केलेलं द्रावण एप्रिलमध्ये तसंच वापरू नये, त्याच दिवशी, त्याच खोलीत पुन्हा प्रमाणित करावं. दोन्ही द्रावणं सारखीच फुगलेली असली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

बाकी परिणाम याहून मोठे. अमोनियाच्या बफरची बाटली उन्हाळ्यात वारंवार उघडली की अमोनिया उडतो, पीएच दहाच्या खाली येतो आणि पाण्याचा कठीणपणा मोजणाऱ्या ईडीटीए टायट्रेशनचा रंगबदल पुसट होतो. आयोडीन उडतं, त्यामुळे आयोडोमेट्रीचा, म्हणजे सुटलेलं आयोडीन मोजण्याच्या प्रयोगाचा, फ्लास्क उघडा ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. स्टार्चचा निळा रंग गरम द्रावणात फिका पडतो. पीएच मीटरवर तापमानाची खुंटी असते ती २५ वर ठेवून चालत नाही: एका पीएच एककामागे २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट पडतात, ४० अंशांना ६२.१. आणि 'न्यूट्रल म्हणजे सात' हेही २५ अंशांपुरतंच. ४० अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच ६.७७ च्या आसपास येतो आणि ते पाणी तरीही न्यूट्रलच असतं. इक्विलिब्रियमचं प्रकरण शिकवताना एवढं एक उदाहरण दिलं तर तापमानाबरोबर समतोलांक बदलतो म्हणजे काय होतं, ते या शहरातल्या मुलांना लगेच पटेल.

लॅबमध्ये कूलर असेल तर वजन करताना तो बंद करायला लावा. चार दशांशांच्या काट्यावर वाऱ्यानं आकडा स्थिर राहत नाही, आणि दमट हवेत सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे काट्यावरच ओले व्हायला लागतात. सोडियम हायड्रॉक्साइडचं वजन तसंही अंदाजेच असतं, नंतर ऑक्झॅलिकशी प्रमाणित करायचं.

पाण्याचा कठीणपणा हा या सेमिस्टरचा सर्वांत उपयोगी प्रयोग. ५० मिली पाणी, पीएच दहाचा बफर १-२ मिली, चिमूटभर ईबीटी (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक), आणि ०.०१ मोलर ईडीटीए (डायसोडियम सॉल्ट लिटरला ३.७२२ ग्रॅम). वाइनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. मधला जांभळा हा एंड पॉइंट नव्हे. एक मिली ईडीटीए म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलीला १५ मिली लागले तर लिटरला ३०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची ६०० आहे. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग लॅबमधल्या बनवलेल्या नमुन्यावर उरकतात. त्यापेक्षा एका बाटलीत पेंच-कन्हानचं नळाचं पाणी, दुसरीत घरच्या किंवा शेजारच्या बोअरचं पाणी आणायला सांगावं. दोन आकडे शेजारी मांडले की हीटरला चढणारा पांढरा थर कुठून येतो ते वेगळं सांगावं लागत नाही. नमुन्यात मॅग्नेशियम अजिबात नसेल तर रंगबदल आळशी येतो, कारण ईबीटी कॅल्शियमला सैल धरतं. त्यासाठीच बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए घालतात.

याच्या जोडीला नागपूरच्याच कॉलेजांनी करावा असा एक प्रयोग आहे: संत्र्यातलं क जीवनसत्त्व. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिल बाजारात असतात, म्हणजे नेमकी याच सेमिस्टरला. फळ त्याच वेळी कापायचं, रस मलमलीतून गाळायचा, १० मिली घ्यायचा, १ मिली स्टार्च, आणि ०.००५ मोलर आयोडीन. एक मिली आयोडीन म्हणजे ०.८८ मिलिग्रॅम जीवनसत्त्व. ५.७ मिली लागले तर १० मिली रसात ५ मिलिग्रॅम. रसाच्या पिवळ्या रंगामुळे शेवट निळा न दिसता हिरवट-काळपट दिसतो, म्हणून रसात दुप्पट-तिप्पट पाणी घालून पांढऱ्या टाइलवर बघायचं. रस तासभर उघडा ठेवून पुन्हा केलं तर आकडा उतरलेला दिसू शकतो. हवेनं ऑक्सिडेशन होतं ते असं.

आयोडोमेट्रीत एकच गोष्ट सांगण्यासारखी. इथे आयोडीन फ्लास्कमध्येच असतं, म्हणून स्टार्च शेवटी घालायचा, द्रावण गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं झाल्यावर. आधी घातला की तो आयोडीन धरून ठेवतो आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकत राहिलो तरी निळा रंग परत परत येतो.

कायनेटिक्सचा मिथाइल अ‍ॅसिटेटचा प्रयोग मात्र बऱ्याच ठिकाणी वाईट होतो, आणि दोष मुलांचा नसतो. नेहमीची कृती अशी: ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक १०० मिली, त्यात एस्टर ५ मिली, दर दहा मिनिटांनी ५ मिली काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेट करायचं. आता हिशोब करा. पाच मिली मिश्रणात आम्लाचं सुमारे २४ मिलीचं रीडिंग आधीच आहे. एस्टर पूर्ण मोडलं की त्यात ३० मिलीची भर. म्हणजे शेवटचं रीडिंग ५४ मिलीच्या घरात, आणि ब्युरेट ५० ची! मुलं मध्येच ब्युरेट भरतात, थोडं सांडतं, आणि सगळा आलेख ज्या एका आकड्यावर उभा असतो तोच आकडा बिघडतो. अल्कली ०.२ नॉर्मल घ्या किंवा नमुना २ मिलीचा घ्या, प्रश्न मिटतो.

दुसरी चूक याहून जास्त होते. शेवटचं रीडिंग लवकर मिळावं म्हणून मिश्रण उघड्या फ्लास्कमध्ये गरम करतात. मिथाइल अ‍ॅसिटेट ५७ अंशांना उकळतं, त्यामुळे एस्टर मोडण्याआधी हवेत उडून जातं, रीडिंग कमी येतं आणि वेगाचा स्थिरांक फुगतो. बूच घट्ट लावून चोवीस तास ठेवणं सगळ्यात बरं. आणि बर्फ. बर्फाचं पाणी अभिक्रिया थोपवण्यासाठी असतं. एप्रिलमध्ये बर्फ नसेल तर टायट्रेशन चालू असतानाच एस्टर मोडत राहतं, गुलाबी रंग येऊन जात राहतो. प्रयोगाच्या दिवशी बर्फाची सोय आहे का, हे बॅचनं सकाळीच विचारून घ्यावं.

उष्णतेच्या प्रयोगाला फार वेळ द्यायची गरज नाही, पण थर्मामीटर बघा. १ नॉर्मल आम्ल आणि १ नॉर्मल आम्लारी १००-१०० मिली मिसळले तर तापमान ७ अंशांपेक्षा थोडं कमीच वाढतं. एकेक अंशाच्या रेघांच्या थर्मामीटरनं त्यात अर्ध्या अंशाची चूक म्हणजे सात टक्के. दशांश अंश दाखवणारा थर्मामीटर नसेल तर मोलला ५७ किलोज्यूल हे उत्तर प्रयोगातून येत नाही, पुस्तकातून उतरतं.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसला विद्यार्थी घाबरतात. इथे गटांचा तक्ता पाठ करून काम भागत नाही. तिसऱ्या गटाला अमोनियम क्लोराइड आधी आणि अमोनियम हायड्रॉक्साइड नंतर, हा क्रम का? अमोनियम या समान आयनामुळे हायड्रॉक्साइड आयन आटोक्यात राहतात, मग लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच खाली बसतात, मॅग्नेशियम वर राहतं. क्रम चुकला की पुढच्या गटांतले धातूही इथेच खाली बसतात आणि पुढचा सगळा शोध भरकटतो. दुसऱ्या गटाचा हायड्रोजन सल्फाइड उकळून पूर्ण घालवायचा, मग दोन-तीन थेंब संहत नायट्रिक घालून पुन्हा उकळायचं, म्हणजे फेरसचं फेरिक होतं. ही पायरी गाळली की लोह अर्धवट हाती लागतं. सोल्युबिलिटी प्रॉडक्टचं प्रकरण शिकवून झाल्याच्या आठवड्यातच हा प्रयोग लावणारी कॉलेजं शहाणी. बऱ्याच ठिकाणी वेळापत्रक उलटं असतं, आधी प्रयोग आणि दीड महिन्यानं थिअरी. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, हेही विसरू नका. फ्यूम हूड नसेल आणि एक्झॉस्ट बंद असेल तर तिथे हा प्रयोग करू नये.

थिअरीला आम्ही पाचपैकी तीन देऊ. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, काटोल, उमरेड, सावनेरकडून येणाऱ्या मुलांना संहत, विरल, उत्प्रेरक, समतोल हे शब्द पक्के ठाऊक असतात. कॉलेजात त्यांच्यासाठी नवीन शब्द येतात, कल्पना बऱ्याचशा त्याच असतात, पण हे जोडून देणारं शिकवणं कमी सापडतं. गणितं चुकतात ती मात्र ठराविक ठिकाणी. वायूस्थिरांक ८.३१४ घ्यायचा की ०.०८२१, हे एककावरून ठरवत नाहीत. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये तशीच ठेवून वजाबाकी करतात. नैसर्गिक लॉगच्या जागी साधा लॉग घेतात आणि २.३०३ विसरतात. नर्न्स्टच्या समीकरणातला ०.०५९१ फक्त २५ अंशांचा आहे, हे गणितात तापमान वेगळं दिलं तरी लक्षात येत नाही. या चार जागा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शिकवणीचा क्लास लावावा का, असं पालक विचारतात. गणितांसाठी उपयोग होतो. प्रॅक्टिकलसाठी फारसा होत नाही, तिथे ब्युरेट नसते.

प्रवेश घेण्याआधी किंवा पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा. एका बॅचला किती ब्युरेट आहेत ते मोजा, आणि किती तोट्या गळताहेत तेही. परमँगनेटची बाटली तपकिरी काचेची आहे का, तळाशी गाळ आहे का. द्रावणाच्या बाटल्यांवर तारीख आणि प्रमाण लिहिलंय का. डिस्टिल्ड पाणी नळावर मिळतं की बादलीतून. काटा कोनाड्यात, पक्क्या दगडावर आहे की दाराजवळच्या टेबलावर. डोळे धुवायची सोय कुठे आहे. आणि लॅब असिस्टंटशी नीट बोला. द्रावणं तेच करतात, कोणतं कधी केलं ते त्यांना माहीत असतं, आणि बर्फही तेच आणून देतात.

खरेदी थोडीच आहे. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) अ‍ॅप्रन घ्याल तर सुती, पूर्ण बाह्यांचा. सिंथेटिक कापड बर्नरजवळ वितळून अंगाला चिकटतं. सुरक्षा चष्मा कॉलेज देत नसेल तर स्वतःचा. पायात बंद बूट, उन्हाळा असला तरी चप्पल नाही. लॉग टेबल लागतंच. जर्नलसाठी दोन वह्या ठेवा: एक कच्ची, त्यात रीडिंग पेननं, खाडाखोड तशीच, दुसरी पक्की. कच्ची वही फेकू नका. पक्क्या जर्नलमध्ये आकडा चुकून उतरला की तीच उपयोगी पडते.

परीक्षेच्या दिवशी वेळ वाचवायचा तर ब्युरेट आधी रिकामी तपासा. पाणी भरून दोन मिनिटं सोडा, तोटी गळते का आणि काचेवर थेंब चिकटून राहतात का ते बघा. थेंब चिकटले म्हणजे आत तेलकटपणा आहे, लगेच बदलून मागा. उठताना ब्युरेट परमँगनेटसकट सोडू नका. आतले तपकिरी डाग ऑक्झॅलिकच्या आम्लयुक्त द्रावणानं दोन मिनिटांत निघतात. सोडियम हायड्रॉक्साइड वापरलं असेल तर तीन वेळा पाणी, एकदा विरल आम्ल, पुन्हा पाणी. काचेची तोटी अल्कलीनं आखडते आणि दुपारच्या बॅचला ती ब्युरेट मिळत नाही. मग तोटी उघडी ठेवून, तोंड खाली करून क्लॅम्पला लावा.